फळ्यांमधली फट

आमची मिरजेत लाकडाची वखार आहे. वडिलांनी सुरू केली, भावाने तिच्याकडे पाठ फिरवली आणि ती माझ्या गळ्यात पडली. तीस वर्षं झाली, सागवान, शिसव, ऐन, किंजळ यांच्या वासातच माझा दिवस उगवतो आणि मावळतो. फळीवरून नुसता हात फिरवला की ती कुठल्या अंगाला वाकणार हे मला कळतं, असा माझा समज आहे, आणि तो मी चारचौघांत फारसा लपवत नाही. त्यामुळे ऐन पावसाळ्यात एक गिऱ्हाईक येऊन "प्लास्टिकच्या फळ्या ठेवता का हो?" असं विचारून गेलं, तेव्हा मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जाताना त्याने टेबलावर एक तुकडा ठेवला. वीतभर लांब, काळपट राखाडी, हाताला गुळगुळीत. दुधाच्या पिशव्या आणि फाटकी जाळी वितळवून केलेला म्हणे. मी त्याच्यावर करवत चालवली, खिळा ठोकला, महिनाभर पाण्याच्या बादलीत टाकला. त्याला काही म्हणता काही झालं नाही, आणि याचाच मला जास्त राग आला. तुकड्यावरच्या चिठ्ठीत एक फोन नंबर होता. लावला तर पलीकडून एका बाईचा आवाज आला, "फोनार काय समजाचा ताई? येवन बगा मां."

दिवाळी आटोपल्यावर गेले. घरी सांगितलं की बघायला चालले आहे. खरं सांगायचं तर मी चूक काढायला चालले होते.

सोमवार, मंगळवार

आंबोलीचा घाट उतरला की हवा अंगाला चिकटायला लागते. सावंतवाडीला उजाडताना बस बदलली. पुढे तांबडी माती, काजूची झाडं, बागांभोवती चिऱ्यांचे गडगे, आणि आरोंदा जवळ आलं तशी उजव्या-डाव्या हाताला खाडी. पलीकडचा काठ गोव्याचा. मला जायचं होतं ती वाडी आरोंद्याच्याही थोडी पुढे, खाडीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी. ओढ्याला इथे व्हाळ म्हणतात.

फोनवरची बाई म्हणजे नलिनी. चाळिशीची, पदर खोचलेला, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. नवरा गोव्यात हॉटेलात कामाला, रविवारी येतो. वाडीतल्या चार बायका घेऊन ती ही शेड चालवते. सुरुवात कशी झाली म्हणून विचारलं तर म्हणाली, "एके वर्सा खाडयेचा पाणी शेतात इला. पाणी गेला, पिशव्यो रवल्यो. नांगर धरलो की फाळाक पिशव्यो. भात पेरूचा की प्लास्टिक?" मग कुठल्याशा संस्थेत पंधरा दिवस शिकून आली, कर्ज-अनुदान करून यंत्र आणलं, आणि कामाला लागली.

शेडमध्ये मी नाकाला पदर लावूनच शिरले. घाण वास येणार याची खात्री होती. वास आला, पण सुक्या मासळीचा, आणि त्याला कारण जाळी. वाळत घातलेल्या जाळ्यांत अजून खवले आणि कालवांचे तुकडे अडकलेले होते. बायका ते सुरीने खरवडत होत्या. कुठलं प्लास्टिक घ्यायचं आणि कुठलं नाही हे कसं ओळखता, असं मी जरा खोचकपणेच विचारलं. नलिनीने पाण्याची बादली पुढे ओढली आणि दोन दोऱ्यांचे तुकडे त्यात टाकले. एक तरंगला, एक बुडाला. "तरंगता ता आमचा, बुडता ता परत." एवढंच. मग तुकडे करायचे, धुवायचे, खळ्यात वाळवायचे, यंत्रात वितळवायचे आणि लोखंडी साच्यात दाबून पाण्यात निववायचे. साच्यातून निघालेली फळी बायका दोघीदोघींनी उचलून, न्हाऊ घातलेल्या पोराला ठेवावं तशी सांभाळून आडवी ठेवत होत्या.

मला आतून कौतुक वाटायला लागलं होतं, म्हणून मी बाहेर अंगणात आले. तिथे त्याच फळ्यांचं एक बाक होतं. टेकले आणि किंचाळून उठले. सकाळपासूनचं ऊन खाऊन बाक तव्यासारखं तापलं होतं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. "लाकडाचं बाक असं चटका देत नाही," मी म्हटलं. माझं म्हणणं खरं होतं, पण ते बोलताना माझा आवाज उगाच चढला.

अकराच्या सुमाराला सगळ्यांनी हात धुतले आणि पेजेला बसलो. उकड्या तांदळाची पेज, वर खोबरेल तेलाचा थेंब, बाजूला सुक्या जवळ्याची चटणी. आमच्याकडे या वेळेला भाकरी-झुणका हाणून माणूस पेंगायला लागतो. पेज पोटात गेली की उलट अंग हलकं होतं. मी दोन वाडगे घेतले.

पेज पिताना नलिनीने खरी गोष्ट सांगितली. वाडी व्हाळाच्या अलीकडे, आणि देऊळ, शाळा, गिरण, बसचा रस्ता सगळं पलीकडे. मध्ये साकव, पायी जायचा पूल. दरवर्षी पाऊस संपला की वाडीतली माणसं पोफळीची खोडं तोडून साकव घालतात, आणि दरवर्षी पावसात तो कुजतो नाहीतर वाहून जातो. गेल्या वर्षी तिच्या सासूबाई कुजलेल्या खोडावरून खाली गेल्या. मांडीचं हाड मोडलं, अजून भिंत धरून चालतात. यंदा साकवावर नलिनीच्या फळ्या घालायच्या असं ठरलं होतं. पण शेड देवस्थानच्या जागेत, आणि देवळाच्या मानकऱ्यांनी, ज्यांना सगळे गावकर म्हणतात, अट घातली होती. साकव टिकला, वाडी त्यावरून चालली, तर शेड राहील. नाही टिकला तर पोफळी तोडायच्या आणि शेड मोकळी करून द्यायची.

"आणि यंत्र?" मी विचारलं.

"यंत्र खंय ठेवू? सासूच्या खाटेखाली?" ती हसली, पण वाडग्यातली पेज तशीच राहिली होती.

मंगळवारी पहाटे तिच्याबरोबर शिरोड्याला गेले. किनाऱ्यावर रापणीचं लांबलचक जाळं ओढून झालं होतं आणि माणसं वाळूत बसून ते दुरुस्त करत होती. ज्याला आता टाका बसणार नाही ते जाळं नलिनीसाठी वेगळं ठेवलेलं. सुरूच्या बनाखाली मात्र पर्यटकांनी टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं पसरली होती. बाटल्या तिच्या उपयोगाच्या नाहीत, त्यांचं प्लास्टिक पाण्यात बुडतं. तरी तिने त्या गोळा केल्या. मीही केल्या. मिरजेत मी रस्त्यावरचा कागदसुद्धा कधी उचललेला नाही.

बुधवार

साकव घालणार होते गणपत मेस्त्री. नलिनीचे चुलत सासरे, वय पंचाहत्तरच्या पुढे, जन्मभर होड्या बांधलेले. वाडी त्यांना आबा म्हणते. हात बघूनच मला माणूस आवडला. एका बोटाचं टोक नव्हतं, आणि उरलेली नऊ बोटं फळीवरून जशी फिरत होती तशी फक्त लाकूडवाल्याचीच फिरतात. मी वखारीची आहे हे कळल्यावर त्यांनी मला आपल्या शेजारी बसवून घेतलं. किंजळ बरा की फणस, यावर आम्ही अर्धा तास घालवला. त्या प्लास्टिकच्या गावात मला माझं माणूस भेटलं होतं.

उजाडताच काम सुरू झालं. व्हाळाच्या दोन्ही काठांना चिऱ्यांचे कट्टे, त्यांवर माडाच्या दोन तुळया, आणि तुळयांवर आडव्या फळ्या ठोकत जायच्या. धुक्याने फळ्या गार पडल्या होत्या. भोकं पाडताना उडणारा भुसा खाली पाण्यात जाऊ नये म्हणून बायकांनी तुळयांखाली एक जुनी साडी ताणून धरली होती. आम्ही जन्मभर भुसा वाऱ्यावर सोडत आलो, म्हणून मला हे जरा जास्तच वाटलं.

मेस्त्रींचं काम बघत राहावं असं. फळी ठेवायची, लाकडी ठोकळा लावून हातोडीने अशी सारायची की आधीच्या फळीला चिकटलीच पाहिजे. दोन फळ्यांमध्ये नख जात नव्हतं. दहाएक फळ्या झाल्या तेव्हा नलिनी पुढे आली.

"आबा, मधी फट ठेवूक व्हयी. शिकवणाऱ्यांनी सांगल्यानी हा, ही फळी उन्हात वाढता."

मेस्त्रींनी मान वर केली नाही. "फळी पावसात वाढता गो. उन्हात सुकता. साठ वर्सां होडयो बांधतंय, माका शिकवतंस? माझ्या होडयेत कधी फट बगलंस?" आणि मग माझ्याकडे वळून, "काय बाय? तुमची लाकडाची वखार. तुमीच सांगा."

आता मला विचारलं होतं. मी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की मेस्त्रींचं बरोबर आहे. फळी पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. आत्ता गारव्यात बसेल तितकी घट्ट बसवा, दुपारी आपोआप सैल होईल. फटीत पोराबाळांचे पाय अडकले तर काय करणार? हे सगळं मी बोलले. परवाच त्या बाकावरून मी चटका खाऊन उठले होते, हे डोक्यात आलंच नाही.

नलिनीने माझ्याकडे बघितलं, मेस्त्रींकडे बघितलं. सासऱ्यांपुढे ती आधीच जास्त बोलली होती. "बरा," म्हणाली आणि साडीचं टोक धरायला गेली.

दहाच्या आत काम संपलं. शेवटची फळी पलीकडच्या कट्ट्याला खेटून घणाने बसवावी लागली, इतकी घट्ट. मेस्त्रींनी पाय आपटून बघितलं आणि माझ्याकडे बघून हसले. आम्ही दोघं खूश होतो.

साकवावर पहिलं पाऊल ठेवण्याआधी व्हाळाच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं असतं. काठावर शेंदूर नसलेला एक साधा दगड, तोच राखणदार. देवाशी इथे मंत्रांच्या संस्कृतात बोलत नाहीत, घरातल्या भाषेत काय ते मोकळं सांगतात. एकाने सांगायचं, आणि दर वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गावकर नारळ घेऊन बाराच्या सुमाराला आले. वाडी जमली. ऊन डोक्यावर होतं.

गावकर नारळ वाढवणार तोच साकवावरून काडकन आवाज आला. मग दुसरा. एक खिळा उडून पाण्यात पडला. आमच्या डोळ्यांदेखत मधल्या फळ्या एकमेकींना रेटत वर उचलल्या, आणि बघता बघता त्यांचं हातभर उंच छप्पर झालं. कुणीतरी म्हणालं, "साकव न्हय रे, ही घोरपड!" पोरं हसली. मासळीची टोपली घेऊन पलीकडे निघालेली एक म्हातारी मुकाट्याने मागे फिरली.

मला तेव्हा कळलं. प्लास्टिकला पाण्याचं काही नसतं, सगळं उन्हाचं. लाकडाच्या अगदी उलट. नलिनीने हे सांगितलं होतं आणि मी ते गावासमोर खोडून काढलं होतं. ती उभी होती, हातात अजून साडीचं टोक. रडत नव्हती. मला वाटलं रडली असती तर बरं झालं असतं.

गावकरांनी निकाल द्यायला वेळ लावला नाही. फळ्या काढा, उद्या पोफळी तोडा, पुनवेपर्यंत शेड मोकळी करा. पण साकव घालतो असं राखणदाराला आधी सांगितलेलं होतं, तेव्हा तो का मोडतो हेही त्याला सांगणं भाग होतं. त्यांनी हात जोडले.

"बा राखणदारा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या लेकरांनी तुझ्या व्हाळार साकव घातल्यानी..."

"व्हय म्हाराजा!"

"तो साकव उभो रवाक नाय..."

"व्हय म्हाराजा!"

"नलिनीन केलेली फळी खोटी निघाली..."

होकार आला, पण तुटका. आतापर्यंत सगळ्यात मोठा आवाज मेस्त्रींचा होता, आणि या वेळी तो आला नव्हता. गावकर थांबले. सगळ्यांचा होकार पडल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. त्यांनी वाक्य पुन्हा म्हटलं. मेस्त्री समोरच उभे होते, हात जोडलेले, ओठ मिटलेले.

"काय रे गणपत?"

"फळी खोटी न्हय," मेस्त्री म्हणाले. "ती सांगत होती फट ठेवा म्हणान. मीया ऐकूक नाय. देवासमोर खोट्याक व्हय म्हणाचंय नाय."

पंचाहत्तर वर्षांच्या माणसाने, सुनेसमोर, सगळ्या वाडीसमोर असं म्हणणं सोपं नव्हतं. मी त्यांच्या आधी बोलायला हवं होतं. मी वाट बघत होते की हे निभावून जाईल. याची मला आजही लाज वाटते. मी पुढे झाले आणि म्हटलं, "चूक माझीही आहे. मी सांगितलं घट्ट बसवा म्हणून."

"तुम्ही कोण?" गावकरांनी मला शुद्ध मराठीत विचारलं, कचेरीत विचारावं तसं.

"मिरजेची, लाकडाच्या वखारीची."

"मग प्लास्टिकातलं तुम्हाला काय कळतं?"

"काही नाही," मी म्हटलं. तीस वर्षांत हे दोन शब्द मी पहिल्यांदाच उच्चारले असतील.

गावकरांनी एकदा त्या फुगलेल्या साकवाकडे बघितलं. मग पुन्हा हात जोडले आणि गाऱ्हाण्याची दिशाच बदलली. "ह्या दोगांकडसून चूक झाली म्हाराजा... ती पदरात घी... आणि उद्याच्या दुपारपर्यंत सवड दी..." या वेळी होकार व्हाळापलीकडच्या देवळापर्यंत गेला असेल. त्यात मीही ओरडले.

म्हणजे शेडला आणखी एक दुपार मिळाली होती.

गुरुवार

उजाडलं तेव्हा मेस्त्री सगळ्या फळ्या उपटून बसले होते. नलिनी आली तसे उभे राहिले. "किती फट ठेवू गो? तू सांग."

तिने शेडमधला खराटा आणला, त्यातला माडाचा एक हीर, म्हणजे काडी, ओढून काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला. "दोन फळयांमधी एक हीर बसात इतकी. दोनय कट्ट्यांकडे अंगठो जायत इतकी. आणि खिळे नको आबा, भोक मोठा पाडून चकतीचे स्क्रू."

"होडयेत एवढी फट ठेवलंय तर बुडान मरतलंय," मेस्त्री पुटपुटले.

"होडयेत ठेवू नकात," ती म्हणाली. मेस्त्रींना हसू आवरलं नाही.

मला हीर धरायचं काम मिळालं. फळी यायची, मी दोन टोकांना दोन हीर उभे धरायचे, मेस्त्री स्क्रू पिळायचे, मी हीर काढून पुढे सरकायचं. गुडघे टेकून चाळीस फळ्या, फटींमुळे एक बाजूला उरली. मध्ये एकदा घाईने मी एक हीर विसरले, तर नलिनीने ती फळी काढायला लावली. मेस्त्रींनी निमूट काढली. मीही हीर नीट उभा धरला. खाली साडी ताणून बायका भुसा झेलत होत्या, आणि या वेळी मला ते जास्त वाटलं नाही.

बारा वाजता वाडी पुन्हा जमली. सगळे साकवाकडे बघत होते, आणि मी नलिनीकडे. ऊन चढलं, फळ्या तापल्या, आणि फटी हळूहळू बारीक होत गेल्या. मेस्त्रींनी मधल्या एका फटीत हीर मुद्दाम ठेवला होता. त्यांनी उकिडवं बसून तो ओढला. येईना.

"धरल्यान," ते म्हणाले. फळ्या फुगल्या होत्या, पण एकही उचलली नव्हती.

गावकर अनवाणी निघाले आणि चौथ्या फळीवर नाचायला लागले. "भाजता गो बाय!" पोरांनी व्हाळातलं पाणी ओतलं, आणि मग ते पलीकडे जाऊन परत आले. चटका बसतो ही खोट आहेच, माझ्या बाकावरच्या किंकाळीत खोटं काही नव्हतं. त्यावर नलिनी मध्ये काथ्याची पट्टी घालणार आहे. शेड कायमची मिळाली असंही नाही. पुढच्या पावसात साकव तगला तर पुढचं वर्ष, एवढंच गावकर बोलले. मासळीवाली म्हातारी मात्र कुणाची वाट न बघता टोपली डोक्यावर घेऊन पलीकडे निघून गेली.

संध्याकाळच्या एसटीला नलिनी मला पोचवायला आली. नव्या साकवावरून आलो. रस्त्यावर उभ्या राहिल्यावर मी तिची माफी मागितली. मनात दिवसभर जुळवलेलं सगळं बोलले.

तिने ऐकून घेतलं. "तुमचा काय ताई, तुमका म्हायती नव्हता. माका म्हायती होता. फळी माझी, शेड माझी, सासूचो मोडलेलो पाय माझ्या घरात. आणि आबा मोठे, तुमी मोठ्या, म्हणान मी 'बरा' म्हटलंय आणि गप रवलंय. आबांनी तरी देवासमोर चूक सांगल्यानी. माझी चूक मी कोणाक सांगू?"

बस आली. तिने माझी पिशवी आत चढवली, आणि खिडकीशी येऊन म्हणाली, "ह्याच्यापुढे मी गप रवाचंय नाय."

बस सुटली. सावंतवाडी गेली, घाट चढला, आणि मिरजेपर्यंत मी एकच आठवत बसले. वखारीत मला "बरं" म्हणून गप्प बसलेली माणसं कोण कोण, आणि त्यांतल्या किती जणांचं बरोबर होतं.